कमी पैशांत परदेशातलं उंचावरचं स्कीइंग: आधी आठवडा ठरवा, मग गाव

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही चौघं मित्र. दोघांनी स्की कधी पायात घातलेली नाही, एकाने आठवडाभर शिकून घेतलंय, आणि तुम्ही स्वतः लाल, म्हणजे मध्यम अवघड उतारांवरून व्यवस्थित खाली येता. परदेशातल्या उंच डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये सहा दिवस काढायचे आहेत. पैसे बेताचे. सुट्टी नाताळात सहज मिळते, इतर वेळी प्रयत्न करावा लागेल. मनात फ्रान्समधलं वाल तोराँस आणि स्वित्झर्लंडमधलं झरमॅट ही दोन नावं आहेत आणि विचारताय, यातलं स्वस्त कोणतं?

गेली चौदा वर्षं मी दर हिवाळ्यात छोटे गट घेऊन जाते. बहुतेक गट नवशिक्यांचे आणि जवळजवळ सगळेच हिशेबाने खर्च करणारे. त्या अनुभवावरून सांगते की गावांची तुलना करून फारसे पैसे वाचत नाहीत. तीन निर्णय खर्चाचा मोठा भाग ठरवतात: कोणत्या आठवड्यात जायचं, रात्री झोपायचं कुठे, आणि डोंगराचा किती भाग विकत घ्यायचा, म्हणजे किती लिफ्टचा पास काढायचा. हे तीन चुकले तर पुढे सँडविच घरून बांधून नेऊन किंवा हातमोजे उसने घेऊन काही भरून निघत नाही. हे तीन जमले तर जिथे हात आखडता घेऊ नये तिथे खर्च करायला पैसे उरतात.

आठवड्यापासून सुरू करू, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे. नाताळ ते नववर्ष हा आल्प्समधला सर्वांत महागड्या आठवड्यांपैकी एक. तीच खोली, तीच खिडकी, जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुष्कळदा निम्म्याच्या आसपास मिळते. आणि डिसेंबरच्या शेवटी बर्फाची खात्री जानेवारीपेक्षा कमीच असते. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी भरवशाचा बर्फ आणि जास्त गर्दी. दुसरा टाळायचा काळ फेब्रुवारीचा. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत आळीपाळीने येतात, त्यामुळे साधारण चार आठवडे, मार्चच्या सुरुवातीपर्यंत, फ्रेंच आल्प्स भरलेला असतो. त्या दिवसांत इंग्रजी बोलणारा इन्स्ट्रक्टर मिळणंही अवघड होतं, आणि तुमच्यातल्या दोघांना तो लागणारच आहे. जॉर्जिया या देशात (त्याबद्दल पुढे सांगते) जायचं असेल तर जानेवारीचे पहिले आठ-दहा दिवस टाळा. तिथे ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स नाताळ असतो आणि त्या काळात डोंगर गजबजलेला असतो.

मग उरतं काय? जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्चचा दुसरा पंधरवडा. दोन्ही मला आवडतात, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. जानेवारीत बर्फ कोरडा आणि मऊ, रांगा छोट्या, पण दिवस लवकर मावळतो आणि थंडी बोचरी असते. चेअरलिफ्टवर दहा मिनिटं वाऱ्यात बसलेला नवशिका वर पोचेपर्यंत गारठून आखडतो, आणि आखडलेलं शरीर शिकत नाही. मार्चच्या शेवटी दिवस मोठा, ऊन भरपूर. सकाळी नऊला उतार रात्रभर गोठून काचेसारखा झालेला असतो, अकराच्या सुमारास वरचा थर सैल होतो, आणि दुपारी दोननंतर खालच्या भागात बर्फ चिखलासारखा जड होतो. ज्याला हे वेळापत्रक माहीत आहे तो अकरा ते दोन या वेळेत मजेत घसरतो. नवशिक्यांना मी मार्च सुचवते. शिकवणी सकाळी उशिराची घ्यायची, म्हणजे पहिल्या पडण्याचा मार कमी लागतो. फक्त ईस्टर कधी येतो ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या, कारण त्या आठवड्यात भाव पुन्हा चढतात.

उंचीचा खरा उपयोगही इथेच होतो. दर शंभर मीटर वर गेल्यावर तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. हजार मीटरवरच्या गावात पाऊस पडत असतो तेव्हा अडीच हजारावर बर्फ पडत असतो. मार्चच्या शेवटी कमी उंचीची रिसॉर्टं हिरवी व्हायला लागतात, तेव्हा उंचावरची निवांत चालू असतात. ऐन जानेवारीत मात्र मध्यम उंचीच्या गावातही बर्फ बहुधा असतोच, मग उंचीसाठी जादा पैसे मोजायचं कारण उरत नाही. म्हणजे उंच रिसॉर्ट हवंच असेल तर ते सीझनच्या कडेला घ्या. तिथे ते स्वस्तही पडतं आणि त्याची गरजही असते.

आता "उंच" या शब्दाचं बघू, कारण तुमची दोन नावं तिथेच गोंधळ करतात. वाल तोराँस हे गावच २३०० मीटरवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच स्की-गाव. लिफ्ट सुमारे ३२०० मीटरपर्यंत नेते. झरमॅटचं गाव जेमतेम १६०० मीटरवर, पण तिथली लिफ्ट ३८८३ मीटरवरच्या क्लाइन मॅटरहॉर्नपर्यंत चढते. त्याच डोंगराच्या इटलीकडच्या बाजूला चेर्विनिया आहे, २०५० मीटरवर. जाहिरातीत सगळीकडे "उंच" लिहिलेलं असतं, पण तुम्ही झोपता ती उंची, शिकता ती उंची आणि शेवटच्या लिफ्टची उंची हे तीन वेगळे आकडे आहेत. पुस्तिकेत सहसा सगळ्यात मोठा छापतात. नवशिक्यासाठी तो सगळ्यात निरुपयोगी, कारण तो तिथे जाणारच नाही.

झोपायच्या उंचीचा संबंध शरीराशी आहे. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के राहतो, २३०० वर तीन-चतुर्थांशाच्या आसपास. उंचीचा त्रास बहुधा २५०० च्या वर धरला जातो, पण काहींना त्याच्या खालीही पहिल्या रात्री डोकं दुखतं, झोप तुटक लागते, भूक मरते. माझ्या गटांत दर वेळी एखादा तरी असतो. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं शरीराला मानवतं, आणि सुदैवाने खाली झोपणं स्वस्तही असतं. पहिल्या दिवशी दारू नको, पाणी भरपूर, धाप लागेल इतकी धावपळ नको. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर वाट बघत बसू नका, त्या माणसाला खाली न्या. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा इतिहास असेल तर तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधं घ्यायची की नाही हेही तेच सांगतील.

उंचीची आणखी एक किंमत असते, तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. आल्प्समध्ये साधारण २००० ते २२०० मीटरच्या वर झाडं संपतात. वाल तोराँस जवळजवळ पूर्ण उघडं आहे. निरभ्र दिवशी ते स्वर्गासारखं दिसतं. पण ढग खाली आले की आकाश, उतार आणि समोरचा माणूस सगळं एकाच पांढऱ्या रंगात मिसळून जातं. आपण उभे आहोत की हळूहळू घसरतोय हेही कळत नाही. झाडांमधल्या उतारावर अशा दिवशी खोडांच्या काळ्या रेघांमुळे नजरेला आधार मिळतो. शिवाय वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद होतात. सहा दिवसांतला एक दिवस असा जाईल असं मी कायम गृहीत धरते. तुमच्या हिशेबातही तो धरा, म्हणजे पास काढताना पाच दिवसांचा काढून सहावा मोकळा ठेवायचा विचार करता येईल. पाच आणि सहा दिवसांच्या पासांत फरक किती आहे ते मात्र आधी बघा. कधी कधी तो इतका किरकोळ असतो की सहाचाच घेतलेला बरा.

तर रात्री कुठे झोपायचं? मोठ्या नावाच्या गावाशेजारी, लिफ्टने जोडलेलं साधं गाव शोधायचं, हा माझा पहिला नियम. वाल तोराँस ज्या "त्रुआ व्हाले", म्हणजे तीन दऱ्यांच्या ६०० किलोमीटरच्या जाळ्यात आहे, त्याच दरीत थोडं खाली, १८५० मीटरवर ले मेन्युइर आहे. इमारती जुन्या, काँक्रीटच्या, बघायला कुणाला आवडणार नाहीत अशा. पण उतार दारापाशी येतो आणि भाडं बरंच कमी असतं. डोंगराच्या पलीकडच्या दरीत ओरेल हे छोटं गाव आहे, तिथून गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, थेट वाल तोराँसच्या उतारांवर जाता येतं. त्याच जाळ्यातल्या मेरिबेल या रिसॉर्टच्या खाली ब्रीद-ले-बाँ हे सुमारे ६०० मीटरवरचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १९९२ च्या आल्बेर्व्हिल ऑलिंपिकच्या वेळी बांधलेला गोंडोला तिथून सुमारे पंचवीस मिनिटांत मेरिबेलला पोचवतो. स्वस्त आहे, पण नवशिक्यांना मी तिथे ठेवत नाही. दमलेला माणूस दुपारी तीनला खोलीवर जाऊ म्हणतो, तेव्हा खोली लांब असली की चिडचिड सुरू होते. झरमॅटच्या बाबतीत असंच खालचं गाव म्हणजे टेश. झरमॅटमध्ये खासगी मोटारी चालत नाहीत, गाड्या टेशला ठेवून लोक बारा मिनिटांच्या रेल्वेने वर जातात. पण नवशिक्यांचा उतार झरमॅट गावात नाही, त्यासाठीही वर चढावं लागतं, आणि स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक गोष्ट महाग. तुमच्या चौघांसाठी झरमॅट मी पहिल्याच फेरीत खोडते.

मॅटरहॉर्न हे तिथलं प्रसिद्ध शिखर पाहायचंच असेल तर इटलीतल्या चेर्विनियाच्या बाजूने पाहा. रुंद, लांब, सौम्य उतार, आणि फक्त इटलीच्या बाजूचा पास दोन्ही देशांच्या पासपेक्षा बराच स्वस्त. एक अनुभव सांगते. माझ्या एका गटातले दोघे जादा पैसे भरून पलीकडे झरमॅटला गेले. दुपारी वारा सुटला आणि जोडणाऱ्या लिफ्ट बंद झाल्या. त्यांना सगळ्या डोंगराला वळसा घालून रस्त्याने यावं लागलं, पोचायला रात्र झाली, आणि त्या टॅक्सीत जितके पैसे गेले तितक्यात आणखी दोन दिवस राहता आलं असतं. कुणाची चूक नव्हती, फलकावर सूचना लागलेली होती. मोठं जाळं घेतलं की दुपारी दोन वाजता स्वतःला विचारायचं, आपण परतीच्या कोणत्या लिफ्टवर अवलंबून आहोत? तीन दऱ्यांतही शेवटची जोडलिफ्ट चुकली की हीच गत होते.

आल्प्सच्या बाहेर बघायची तयारी असेल तर खर्चाचं चित्र पालटतं. जॉर्जियातलं गुदाउरी साधारण २२०० मीटरवर आहे, लिफ्ट ३२७० च्या पुढे जाते, राजधानी तिबिलिसीपासून अंतर सुमारे १२० किलोमीटर. राहणं, पास, शिकवणी हे सगळं आल्प्सच्या तुलनेत खूपच कमी, आणि उतार रुंद. पण तेही झाडांच्या वर आहे, मोठं रुग्णालय दोन तासांवर तिबिलिसीत, आणि इन्स्ट्रक्टरांचा दर्जा खालीवर असतो. शाळा निवडताना भाषा आणि अनुभव विचारूनच पैसे भरा. कझाकस्तानातलं शिंबुलाक मला एका गोष्टीसाठी फार आवडतं: तुम्ही अल्माटी शहरात, कमी उंचीवर, साध्या खोलीत राहता, शहराच्या बसने मेदेऊपर्यंत जाता, तिथून गोंडोला २२६० मीटरवर सोडतो आणि पुढच्या लिफ्ट ३२०० च्या आसपास नेतात. झोप खाली, बर्फ वर, आणि रिसॉर्टचं भाडं शून्य. उताराचं जाळं छोटं आहे आणि शनिवार-रविवारी सगळं शहर वर येतं, म्हणून सोमवार ते शुक्रवारचा बेत करा. स्पेनच्या सिएरा नेवादातही तसंच करता येतं. गाव २१०० मीटरवर, पण ग्रानादा शहरात राहून बसने वर जाता येतं. बल्गेरियातल्या बान्स्कोचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. स्वस्त आहे, गावही छान आहे, पण गाव हजार मीटरच्या आसपास असून सकाळी वर जाणाऱ्या गोंडोलाची रांग कुप्रसिद्ध आहे, आणि तुम्हाला हवी असलेली उंची तिथे नाही.

तिसरा निर्णय पासचा. सहा दिवसांच्या संपूर्ण त्रुआ व्हाले पासला प्रौढ माणसाला चारशे युरोंच्या आसपास मोजावे लागतात. पहिल्यांदा शिकणारा माणूस सहा दिवसांत दोन-तीन सौम्य उतार पुन्हा पुन्हा उतरतो. सहाशे किलोमीटरमधले त्याच्या वाट्याला पाच येतात, उरलेल्यांचे पैसे तो उगाच भरतो. फ्रान्समधल्या बऱ्याच रिसॉर्टांत शिकाऊ उताराच्या एक-दोन लिफ्ट फुकट असतात, शिवाय नवशिक्यांसाठी मोजक्याच लिफ्टचा स्वस्त पासही मिळतो. तुमच्या दोघांनी पहिले दोन-तीन दिवस त्यावरच काढावेत. तिसऱ्याने एका दरीचा पास घ्यावा. तुम्ही स्वतःही दरीचाच घ्या, आणि हवा चांगली असेल त्या एका दिवशी जादा पैसे भरून पूर्ण जाळ्यात जा. चौघांनी एकसारखा पास काढायची सवय गटांना असते, मैत्रीत वेगळेपण नको म्हणून. ही भावना मला समजते, पण तिची किंमत फार मोठी आहे. दुपारी एकत्र जेवा, संध्याकाळी एकत्र बसा. उतारावर सहा दिवस एकत्र राहणं चौघांनाही शक्य नाही, आणि तसा हट्ट धरला तर नवशिके घाबरतील आणि तुम्ही कंटाळाल.

इथवरचं थोडक्यात: नाताळ सोडा, मार्चचा किंवा जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा, मोठ्या नावाशेजारचं साधं गाव घ्या, आणि प्रत्येकाने आपल्या पायाला झेपेल तेवढाच डोंगर विकत घ्या. आता जिथे पैसे वाचवायचेच नाहीत त्या जागा.

पहिली जागा बुटांची. स्की थोडी लांब-आखूड असली तरी चालतं, बूट चुकला तर आठवडा संपला. एका वर्षी दुकानात गर्दी होती म्हणून माझ्या गटातल्या एकीने "हे छान सैल वाटतात" म्हणून एक माप मोठे बूट घेतले. तिसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि उरलेले तीन दिवस ती खिडकीत बसून होती. तेव्हा मी तिच्याबरोबर दुकानात गेले नव्हते, याचं वाईट मला अजून वाटतं. सैल बुटात पाय पुढे सरकतो आणि बोटं आपटतात. बरोबर माप कसं ओळखायचं? सरळ उभं राहिल्यावर बोटं समोर हलकी टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवल्यावर ती मागे सुटली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. आत एकच पातळ, उंच मोजा घालायचा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले तर रक्त दबतं आणि पाय जास्तच गार पडतात. बूट घालून दुकानात दहा मिनिटं उभे राहा, आणि टोचलं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणा. चांगली दुकानं बदलून देतात. वजन आणि उंची खरी सांगा, कौशल्य फुगवून सांगू नका. पडल्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, कधी सुटायचं ते याच माहितीवरून ठरवतात. वजन चार किलो चोरलं तर बाइंडिंग भलत्या वेळी सुटतं, आणि स्वतःला तरबेज म्हणवून घेतलं तर ते सुटायला हवं तेव्हा अडून राहतं आणि ताण गुडघ्यावर येतो. साहित्य आधी ऑनलाइन ठरवलं तर दुकानातल्या दरापेक्षा बरंच स्वस्त पडतं. काटकसर तिथे करा.

दुसरी जागा शिकवणीची. "मी लाल उतारांवरून येतो, मीच मित्रांना शिकवेन" असं तुमच्या पत्रात आहे. कृपा करून हे करू नका. तुम्ही चांगले असाल, पण स्वतःला येणं आणि दुसऱ्याला थांबायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मित्राने शिकवलेला नवशिका पहिल्या दिवशी दुपारी त्याला न झेपणाऱ्या निळ्या (एरवी सोप्या) उतारावर रडकुंडीला आलेला मी दर वर्षी पाहते. खासगी तास महाग असतात, त्यांची गरज नाही. पाच किंवा सहा सकाळींचा सामुदायिक वर्ग घ्या. वळायच्या आधी थांबायला, लिफ्टमधून उतरायला, पडल्यावर उठायला तिथे नीट शिकवतात. एकदा शिकलेल्या तिसऱ्यानेही पहिले दोन दिवस वर्गात जावं. आणि चौघांनीही आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम वाचून या. त्यातला एक डोक्यात पक्का बसवा: पुढच्या, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं.

तिसरी जागा विम्याची. शेंगेन व्हिसा काढावा लागत असेल तर किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण मागितलं जातं, आणि पुष्कळ लोक तीच पॉलिसी घेऊन निश्चिंत होतात. पण तिच्यात हिवाळी खेळ वगळलेले असू शकतात. पॉलिसीचा मजकूर उघडून चार गोष्टी शोधा: स्कीइंग स्पष्ट शब्दांत आहे का, उतारावरून खाली आणण्याचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च आहे का, उंचीची काही मर्यादा घातली आहे का, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई आहे का. हे शेवटचं इटलीत १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने सक्तीचं आहे. तिथे १ नोव्हेंबर २०२५ पासून सर्व वयांना हेल्मेटही सक्तीचं झालंय. हेल्मेट मात्र जिथे सक्ती नाही तिथेही घालाच. फ्रान्समध्ये पासबरोबर दिवसाला थोडेसे युरो भरून बचावखर्चाचा छोटा विमा मिळतो, तो मी नेहमी घेते. युरोपात तातडीचा क्रमांक ११२, तो फोनमध्ये साठवा.

तुमच्यासाठी वेगळा शब्द: खुणा लावलेला उतार सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फात जायचा मोह तुम्हालाच होणार, आणि झाडं नसलेल्या डोंगरावर तो जास्त होतो. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याची श्रेणी एक ते पाच असते आणि ती रोज लिफ्टपाशी लावलेली असते. "तीन" म्हणजे मधलं, म्हणजे ठीक, असं वाटतं. प्रत्यक्षात तीनच्या दिवसांत खूप जीव जातात, कारण लोक तीनला घाबरत नाहीत. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, शोधकाठी आणि ती वापरायचा सराव नसेल तर खुणांच्या बाहेर पाऊल नको. बेताच्या पैशांच्या सहलीत गाइड परवडत नाही, म्हणून कोरा बर्फही बेतात बसत नाही.

राहण्याच्या भाड्यात लपलेल्या गोष्टी पटकन सांगते. फ्रान्समध्ये "चार माणसांचा स्टुडिओ" म्हणजे बहुधा वीस-बावीस चौरस मीटर, त्यात भिंतीतून बाहेर काढायचे पलंग. चादरी, टॉवेल, शेवटची सफाई आणि पर्यटक-कर यांचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात, अनामत रक्कमही ठेवावी लागते. चौघांनी सहा माणसांची खोली घेतली तर माणशी फरक फारसा पडत नाही आणि ओले कपडे वाळवायला जागा मिळते. ओले हातमोजे सकाळी पुन्हा घालणं हा दिवस खराब करायचा हमखास उपाय आहे. किराणा खालच्या दरीतल्या मोठ्या दुकानातून भरून वर न्या, वरच्या दुकानात तोच माल महाग असतो. २३०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ लागतो. लवकर शिजणारं घ्या. दुपारी डबा खाण्यासाठी फ्रेंच रिसॉर्टांत वेगळी खोली असते, फलकावर "साल ऑर-साक" लिहिलेलं दिसेल. तिथे उबेत बसून स्वतःचं खाता येतं.

कपडे विकत घ्यायची घाई नको. जाकीट आणि जलरोधक पँट उसनी किंवा भाड्याने आणा, आतून सुती काही नको. मोजे, हातमोजे आणि गॉगल स्वतःचे घ्या. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के, आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत उसळवतो. ढगाळ दिवशीही चेहरा भाजतो, नाकपुड्यांच्या खालून आणि हनुवटीखालूनही. सनस्क्रीन ही चैन समजू नका.

आता तुमच्या जागी मी असते तर. युरोपच हवं असेल तर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ले मेन्युइर: गावात शिकाऊ उतार, दरीचा पास सुमारे १६० किलोमीटरचा, वर २८०० मीटरपर्यंत बर्फ, झोप १८५० वर. एखाद्या स्वच्छ दिवशी तुम्ही एकटे वाल तोराँसला जाऊन या. नजीकचं रेल्वे स्टेशन मूतिये, तिथून बस. पैसे याहूनही कमी असतील तर जानेवारीच्या उत्तरार्धात गुदाउरी, मात्र विमा दुप्पट काळजीने वाचून. नाताळातच जावं लागणार असेल तर मी उंच रिसॉर्टमध्ये राहायचा नाद सोडून अल्माटीत राहून शिंबुलाक करेन, कारण शहरातल्या खोल्यांचे भाव रिसॉर्टसारखे उसळत नाहीत.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी शिकवणीच्या जागा आणि खोली, मग विमान, त्याच दिवशी विमा, आणि शेवटी स्की-बूट. पास हवा बघून शेवटच्या आठवड्यात काढला तरी चालतो, पण लवकर काढल्यावर सूट आहे का ते एकदा पाहा. आल्प्समध्ये खोल्या शनिवार ते शनिवार बदलतात आणि त्या दिवशी दरीतला एकच रस्ता तासन्‌तास तुंबतो. परतीचं विमान रविवारचं घेतलं आणि शनिवारची रात्र खाली विमानतळाजवळच्या साध्या खोलीत काढली तरी विमान चुकण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

दोघा नवशिक्यांची वयं आणि गुडघ्याला कधी दुखापत झाली होती का, हे कळवा. कुणाचा गुडघा आधी दुखावलेला असेल तर मार्चच्या दुपारचा जड बर्फ त्याच्यासाठी वाईट, आणि मग मी तुम्हाला जानेवारीच सुचवेन.